आक्कांच्या स्कार्फचं जुळं

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा वाटलं होतं, घरात मास्तर मी एकटीच असणार. मी मराठी शाळेत शिकवत होते, हातात खडू होता, डोक्यात पाढे होते. पण सुरतेत मिलमध्ये जो रंग ठरवतो त्याला मास्तर म्हणतात, आणि आमचे हे पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये डाइंग मास्तर होते. दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांनाच मास्तर म्हणत आणि मला मास्तरची बायको. मग मीही त्यांना मास्तर म्हणायला लागले. फक्त माझ्या म्हणण्यात थोडा खोचकपणा असे, एवढाच फरक.

आम्ही बमरोलीच्या बाजूला राहायचो. जवळच्या खाडीचं पाणी कधी जांभळं, कधी शेवाळी, कधी भडक राणी रंगाचं असायचं. इतर लोक नाक दाबून पुलावरून जात. मास्तर मात्र कठड्याशी सायकल टेकवून पाण्याकडे बघत आणि सांगत की आज अमक्याच्या मिलमध्ये मरून रंग चाललाय आणि त्यात लाल जरा जास्त पडलाय. घरीही तेच. मी नेसलेल्या साडीचा ब्लाउज साडीशी जुळतो का, हे बाकीच्या नवऱ्यांना दिसतसुद्धा नाही. यांना दिसे आणि वर ते सांगत. ट्यूबलाइटखाली जुळतोय, उन्हात जुळणार नाही, असं म्हणून दारातून मला परत पाठवलेलं आहे. हळदीकुंकवाला मी त्यामुळे नेहमी उशिरा पोचायचे.

मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या नशिबी एक गोष्ट लिहिलेली असते. त्याने कुणाला काहीही दिलं तरी घेणारा समजतो की फुकटचं आहे. आम्ही लग्नात साड्या दिल्या की बायका आधी काठ उलटून बघत, कुठे छापा हुकलाय का. हुकलेला नसला तरी हुकला असणारच, नाहीतर मास्तर कशाला देतील, असा त्यांचा हिशेब. खरं म्हणजे मास्तर रीतसर दुकानातून विकत आणत. पण हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बाकीच्यांचं मास्तरांना काही वाटत नसे. आक्कांचं वाटे.

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. अंमळनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. यांची आई लवकर गेली आणि यांना आक्कांनीच वाढवलं. स्वतः कधी शाळेत न बसता त्या भावाला कडेवर घेऊन शाळेत पोचवत आणि खिडकीबाहेर उभं राहून तो पाढे म्हणतो की नाही ते ऐकत. अक्षरओळख तिथेच, खिडकीबाहेरून झाली त्यांची. नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांना खोटं अजिबात खपत नसे. लहानपणी मास्तरांनी पाटी फुटल्याचं एकदा दुसऱ्याच पोरावर ढकललं, तर आक्का त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. जेवायला वाढत, न्हाऊ घालत, पण बोलत नसत. चाळिशीला आलेला, शंभर माणसं हाताखाली असलेला हा माणूस ती गोष्ट सांगताना अजून खाली बघायचा.

दर भाऊबीजेला आम्ही तापी लाइनच्या पॅसेंजरने आक्कांकडे जायचो आणि मास्तर ओवाळणीच्या ताटात साडी ठेवायचे. एका वर्षी आक्कांनी ओवाळलं, साडी उचलली, काठ न उलटताच मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "दर साल मिलनं. तुन्हं काय शे यामा?"

यात तुझं काय आहे. मी माहेरची नगरची. मला अहिराणी समजायला वर्षं लागली, पण हे वाक्य मला तेव्हाच समजलं. मास्तर हसले आणि करंजी खाऊ लागले. त्यांची करंजी संपेना, त्यावरून मला कळलं की बाण लागलाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का म्हशीचं दूध काढायला निघाल्या. दिवाळीनंतरची खानदेशातली थंडी. त्यांना कानाचं दुखणं जुनं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, त्यावरून आपल्या यजमानांचा विरलेला टॉवेल घट्ट आवळला आणि हनुवटीखाली गाठ मारली. मास्तर ओट्यावर दात घासत होते. ते घासायचे थांबले आणि त्या टॉवेलकडे बघत राहिले. मग आम्ही परतीच्या गाडीत बसलो. नंदुरबारला चहा घेताना म्हणाले की मी आक्काला स्कार्फ करणार आहे. खऱ्या रेशमाचा, रेशीम ऊब धरतं. स्वतः रंगवणार, स्वतःच्या हातानं.

मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दिवसभर मिलमध्ये रंगात हात आणि आता घरी येऊनही तेच. पण एकदा गाठ बसली की त्यांची सुटत नसे. पुढचं सगळं वर्ष आमच्या घरात तेच चाललं.

पहिली अडचण म्हणजे सुरतेत रेशीम मिळवणं. तुम्हाला वाटेल, कपड्याचं शहर आहे, काय अवघड आहे. पण या शहरात ज्याला सिल्क म्हणतात त्यातलं बहुतेक नळकांड्यातून निघालेलं असतं, किड्याचा त्याच्याशी संबंध नसतो. मास्तर रविवारी कतारगामच्या एका जुन्या विणकराकडे गेले आणि पांढरं तलम कापड घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी त्याचा एक धागा ओढून काडीनं पेटवला आणि माझ्या नाकाखाली धरला. जळक्या केसांचा वास आला. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर आमचं लग्न आठवलं.

मग चौकट. आमच्या टीपॉयची काच काढली गेली ती परत बसायला खूप दिवस लागले. टीपॉय उलटा करून त्याच्या चार पायांवर त्यांनी रेशीम ताणून बसवलं, ढोलक्याच्या चामड्यासारखं. रेशमावर नुसता रंग लावला तर तो पळतो, धोतरावर पडलेल्या शाईसारखा. त्याला अडवायला आधी बांधासारखी एक रेघ काढावी लागते. त्या रेघेसाठी मास्तरांनी सायकल पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणलं, ते पेट्रोलमध्ये पातळ केलं आणि माझ्या मेंदीच्या कोनात भरलं. घरात असा वास सुटला की शेजारच्या गुजराती बेननी दार वाजवून विचारलं, गॅस तो लीक नथी थतो ने. मी मास्तरांना, टीपॉयला आणि कोनाला गच्चीवर हाकलून दिलं. त्या वर्षी आमचे रविवार गच्चीवरच गेले.

आता काढायचं काय? मिलमध्ये हजारो डिझाइनं यांच्या हाताखालून गेलेली, मला वाटलं त्यातलंच एखादं काढतील. पण नाही. त्यांनी कपाशीची फुलं काढली. मी म्हटलं, रेशमावर कापूस? मास्तर म्हणाले की आक्काच्या शेतात तेच आहे, आणि कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग. लहानपणी त्यांना वाटायचं की रात्री कुणीतरी येऊन फुलं रंगवून जातं. आणि मग मोठेपणी ते स्वतःच रंगवायच्या धंद्यात पडले. हे ते बोलले नाहीत, मी आपलं जुळवलं.

रंग पक्का करायला वाफ द्यावी लागते. मिलमध्ये त्यासाठी खोलीएवढं यंत्र होतं. घरात माझं मोदकपात्र होतं. मास्तरांनी स्कार्फ कोऱ्या कागदात गुंडाळला, त्याची वळकटी केली आणि चाळणीवर ठेवून झाकण लावलं. गणपती दोन महिन्यांवर आलेले. मी त्यांना सांगितलं की यंदा बाप्पाला मोदक नवीन पात्रातले, आणि नवीन पात्र तुम्ही आणायचं. त्यांनी मुकाट्यानं आणलं. जुनं पात्र अजून आमच्याकडे आहे. त्याच्या तळाला वांगी रंगाचं कडं पडलंय.

स्कार्फ मात्र झाला देखणा. वांगी रंगाची भूमी, त्यावर पिवळी आणि गुलाबी फुलं, भोवती पांढरी बारीक रेघ. कुठे डाग नाही, कुठे रंग फुटलेला नाही. मी बोटानं चाचपून पाहिला आणि न चिडवता म्हटलं की सुंदर झालाय. आमच्या घरात असं वाक्य वरचेवर होत नाही.

इथे शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण मिलमध्ये एक रीत आहे. आधी हातभर कापडावर रंग काढतात, मग तोच रंग दुसऱ्यांदा काढून पहिल्याशी ताडून बघतात, आणि जुळला तरच गाडी पुढे जाते. मास्तर त्यात मुरलेले. ते स्कार्फकडे बघत म्हणाले, "दुसरा पीस जुळला नाही, तर पहिला नुसता नशिबानं झाला."

मी त्यांना परोपरीनं सांगितलं की अहो, ही ओवाळणी आहे, ऑर्डर नाही. तुम्हाला कोण दुसरा मागतंय? पण त्यांना चैन पडेना. पहिला समोर टांगून त्यांनी दुसरा केला. पाकळीला पाकळी, रेघेला रेघ. उन्हात धरून पाहिला, सावलीत धरून पाहिला, ट्यूबलाइटखाली पाहिला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पहिला कोणता हे त्यांनाही सांगता येईना, आणि तेव्हा कुठे तो माणूस पोटभर जेवला. दुसरा मला मिळाला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली पहिली भेट, तीही तपासणीतून उरलेली.

भाऊबीजेला त्यांनी आक्कांच्या ताटात स्कार्फ ठेवला. म्हणाले, "आक्का, हाऊ मी करेल शे." म्हणजे हा मी केलाय.

आक्कांनी तो उलटला, पालटला, दिव्यापाशी नेला. पिवळ्या फुलावर बोट ठेवलं, मग गुलाबीवर. मान डोलावली. फुलाचं गणित बरोबर होतं. मग त्यांनी तो डोक्यावरून घेऊन कानावर बांधला. रेशीम ते, तेल लावलेल्या केसांवरून सुळकन घसरून गळ्यात आलं. परत बांधला, परत घसरला. रेशीम ऊब धरतं हे मास्तरांना ठाऊक होतं, खोबरेल धरत नाही हे त्यांच्या शास्त्रात नव्हतं. आक्कांनी दोन्हीकडून दोन आकडे खोचले आणि तशाच गल्लीत निघाल्या. या घरी त्या घरी जाऊन आल्या. परतीच्या गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघून एकटेच हसत होते. समोर बसलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, यांना बरं नाही का?

पुढे संक्रांत आली. सुरतेत तिला उतराण म्हणतात आणि त्या दिवशी गावात माणूस गच्चीखाली सापडत नाही. आक्का कधी नव्हे त्या तिळाचे लाडू घेऊन आमच्याकडे येणार होत्या. मास्तर त्यांना स्टेशनवरून आणायला गेले. जाताना मला म्हणाले की गच्चीवर वारा आहे, डोक्याला काहीतरी बांध, तो स्कार्फ बांध. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्यांनी बरीच वर्षं असा सूर लावला की तो मी आपणहून बांधला होता.

मी गच्चीवर उंधियूची भाजी निवडत बसले होते. चारी बाजूंनी पतंग, आरडाओरडा, कॅसेटवरची गाणी. जिन्यावरून आधी आक्कांचं डोकं वर आलं. डोक्याला वांगी स्कार्फ, त्यावर पिवळी आणि गुलाबी फुलं, दोन्हीकडे आकडे खोचलेले. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. मागून पिशवी घेऊन मास्तर वर आले आणि त्यांनी आम्हा दोघींना पाहिलं.

आक्का माझ्याजवळ आल्या. माझ्या डोक्यावरच्या एका फुलावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या डोक्यावर तेच फूल चाचपलं. तिथेच होतं. त्यांनी आकडे काढले, स्कार्फ सोडला, चार घड्या घातल्या आणि भावाकडे वळून शांतपणे विचारलं, "माले खोटं काबर सांगं, भाऊ?"

मला खोटं का सांगितलंस. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांचा चेहरा पाहून मला वाटलं, पाटी पुन्हा फुटली.

मास्तर समजावायला लागले. ब्रश दाखवले, रंगाच्या बाटल्या दाखवल्या, टीपॉय उलटा करून दाखवला, मोदकपात्राचा तळ दाखवला. आक्का म्हणाल्या की बाटल्या काय, मिलमध्ये पिंपं असतील. मी मध्ये पडले, मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणाले, पण नणंदेच्या दरबारात भावजयीची साक्ष कितीशी चालणार? मग मी फुलांचा मुद्दा काढला. मिलवाल्यांना कुठे ठाऊक असतं कपाशीचं फूल रंग बदलतं ते? त्यावर आक्का भावाला म्हणाल्या की तूच सांगितलं असशील त्यांना. आणि मग त्यांनी शेवटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी जन्मभर भाकरी थापते आहे. एका पिठाची, एका तव्यावरची दुसरी भाकर पहिलीसारखी होत नाही. हातानं केलेलं दोनदा सारखं होत नाही. सारखं होतं ते यंत्राचं.

मास्तरांनी आयुष्यभर जी गोष्ट मिळवण्यासाठी डोळे फोडले होते, तीच त्यांच्या विरुद्ध उभी राहिली. त्यांची सफाई हाच पुरावा झाला. एरवी मी अशा वेळी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. मला त्यांची कीव आली आणि आक्कांचा रागही आला, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येईना.

संध्याकाळी आक्का जेवल्या, लाडू वाढले, माझ्या शाळेची चौकशी केली. भावाशी बोलल्या नाहीत. मास्तर ताटात बोट फिरवत होते. आकाशात कंदील लावलेले पतंग चढले होते. शेजारची पोरं ते बघायला आम्हाला हाका मारत होती. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

सुरतेत उतराण दोन दिवस चालते. दुसऱ्या दिवशी मास्तर मिलमध्ये गेले नाहीत. सकाळीच त्यांनी टीपॉय गच्चीवर नेऊन उलटा केला, उरलेलं रेशीम ताणून बसवलं आणि आक्कांना बोलावलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, समोरच करून दाखवतो, म्हणाले. आक्कांनी स्टूल ओढलं आणि टीपॉयच्या अगदी पुढ्यात बसल्या. म्हणाल्या, "करी दाखाड."

मिलचे मालक मागे उभे असताना या माणसाचा हात हलत नसे. बाहेरगावचे मोठे व्यापारी रंगाचा शेड बघायला येत तेव्हाही नाही. पण आक्का समोर बसल्या, हाताची घडी घालून, बहुधा त्या खिडकीबाहेर उभ्या राहत तशाच, आणि मास्तरांच्या मेंदीच्या कोनातून रेघ निघताना थरथरली. मी जवळ होते, मला दिसलं. एका फुलाच्या पाकळीशी रेघ जरा तुटली होती. त्यांच्या लक्षात आलं नाही. घाम फुटला होता, चष्मा घसरत होता. त्यांनी ब्रश गुलाबी रंगात बुडवला आणि पाकळीला टेकवला.

गुलाबी रंग त्या फटीतून बाहेर पडला आणि पांढऱ्या रेशमावर बोटभर पळाला. आम्ही तिघं बघत होतो. पळाला, जरा थबकला, परत पळाला, आणि मग तिथेच वाळला. पाकळीला जीभ फुटल्यासारखं दिसत होतं.

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या भाषेत हा पीस बाद. ते टाचण्या उपटायला लागले, म्हणाले की दुसरा घेतो, थांब, हा गेला. त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. तो पाढा चुकलेल्या पोराचा होता.

आक्कांनी त्यांचं मनगट धरलं. त्या पळालेल्या रंगाकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मग भावाच्या घामेजलेल्या तोंडाकडे बघितलं, पदरानं ते पुसलं, आणि कालपासून पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलल्या. "आते समजनं माले. हाऊच दे. हाऊ तुन्हा हातना शे."

मास्तर म्हणाले, अगं, पण हा बिघडलाय. भूमीचा गडद रंग दिला तरी तो डाग खालून दिसणार. आक्का म्हणाल्या, दिसू दे. त्यांनी तो तसाच पुरा करून घेतला. मोदकपात्राची वाफ होईपर्यंत त्या गॅसपुढे पाट टाकून बसल्या, कुणी अदलाबदल करेल की काय अशा. दुपारी बहीणभाऊ शेजारी बसून उंधियू जेवले आणि लहानपणच्या गोष्टी बोलत राहिले. मला वाढायला उभं ठेवलं होतं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

जाताना आक्कांनी भाऊबीजेचा, बिनडागाचा स्कार्फ माझ्या पलंगावर घडी करून ठेवला होता. त्यामुळे माझ्याकडे आता दोन आहेत, हुबेहूब सारखे. जो पाहतो तो विचारतो, कोणत्या दुकानातून आणले?

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण घरात मास्तर होते. पुढच्याच रविवारी टीपॉय परत उलटा झाला. मी विचारलं, आता काय? म्हणाले की आक्काला दिला त्याचा दुसरा करून बघतो. मी म्हटलं, डागासकट? म्हणाले, डागासकट. त्यांनी मुद्दाम रेघ तोडली, मुद्दाम ब्रश जास्त भरला, तिरका धरला, उभा धरला. एकदा रंग डावीकडे गेला, एकदा नुसताच फुगला, एकदा हललाच नाही. ती जीभ काही जमेना. कतारगामच्या विणकराला वाटलं असेल की मास्तरांनी धंदा काढलाय, इतकं रेशीम त्या महिन्यात आमच्याकडे आलं. शेवटी त्यांनी ब्रश धुऊन ठेवले आणि म्हणाले की हा शेड जुळत नाही. मला वाटतं, स्वतःच्या रंगाबद्दल हे वाक्य त्यांनी एवढं एकदाच म्हटलं.

त्या साली भाऊबीजेला गेलो. मास्तरांनी ताटात पुन्हा दुकानातली साडी ठेवली आणि आक्कांनी ती उचलून कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. मास्तरांना गाडीची घाई फार, तासभर आधीपासून त्यांची पिशवी खांद्यावर. आक्का ओट्यावर शेंगा निवडत होत्या. कान बांधलेले, दोन्हीकडे आकडे. आणि तो डाग मागे नाही, खाली दुमडलेला नाही, बरोबर कपाळावर, सगळ्यांना दिसेल असा. मास्तर कालपासून त्याच्याकडे बघणं टाळत होते. सकाळी तर त्यांनी आक्कांना सुचवूनही पाहिलं होतं की तो जरा फिरवून बांधलास तर चांगली बाजू पुढे येईल. आक्कांनी ऐकल्याचं दाखवलं नव्हतं.

शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली. नव्यानं पाहत असावी. आक्कांच्या डोक्यावरचं कापड तिनं दोन बोटांत धरून चोळलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, मिलचं आहे का?

"नही वं," आक्का म्हणाल्या. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्यांनी मान पुढे केली आणि त्या गुलाबी डागावर बोट ठेवलं. "मन्हा भाऊनी करेल शे. दख, आठे चुकना तो." बघ, इथे चुकला तो.

मास्तर उंबऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. मला फक्त पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. गाडी चुकेल, गाडी चुकेल म्हणून मघापासून जीव खाणारा हा माणूस ओट्यावर आक्कांच्या शेजारी जाऊन बसला आणि सूप ओढून शेंगा निवडायला लागला.